आवाज मागाहून

माझ्या पुस्तकातला इटालियन दिग्दर्शक अजून मरायचा आहे. खरं तर तो जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या अंत्ययात्रेला रस्ते भरून गेले होते म्हणतात. पण माझ्या टेबलावर तो अजून ऐन पन्नाशीत आहे, डोक्यावर केस आहेत आणि निर्माते दारात ताटकळत उभे आहेत. आमचे प्रकाशक मधूनमधून फोन करतात. "काय हो, गेले का ते?" मी म्हणते, "नाही अजून. तब्येत उत्तम आहे." "मग बहुधा आम्हीच आधी जातो," असं म्हणून ते फोन ठेवतात. पुण्यातल्या प्रकाशकाने लेखिकेशी इतपत बोलणं म्हणजे जिव्हाळाच म्हणायचा.

त्याचं बालपण लिहून झालं. नदी समुद्राला मिळते तिथलं धुक्याचं लहानसं गाव, औषधाचं दुकान चालवणारा बाप, मुलाने गल्ल्यावर बसावं हा बापाचा हट्ट. मग राजधानीत कायद्याचं शिक्षण, म्हणजे फक्त नाव नोंदवणं. एका साप्ताहिकात चुटके लिहिणं, त्यातून स्टुडिओत शिरकाव, पहिला सिनेमा साफ पडणं. तेही झालं. त्याची ती मोठी वर्षं, जगभरची बक्षिसं, बायकोशी भांडणं, सगळं मार्गी लागलं. पुढे एक लांबलचक म्हातारपण आहे. त्यात सगळे त्याला मुजरे करतात आणि सिनेमा काढायला मात्र कोणी पैसे देत नाही. ते लिहायला मी उत्सुक होते, कारण दुःखाचा भाग मला बरा जमतो. पण मध्ये आवाजाचं प्रकरण आहे आणि गाडी तिथे रुतली आहे.

त्याची काम करण्याची एक पद्धत होती. त्याला नट नको असत, चेहरे हवे असत. बाजारात हिंडून तो माणसं उचलायचा. मासेवाला, न्हावी, ट्रामचा कंडक्टर, एखादी जाडजूड खानावळवाली. या माणसांना संवाद पाठ होत नसत आणि पुष्कळदा संवाद लिहिलेलेही नसत. मग तो सांगायचा, आकडे म्हणा. एकपासून सुरू करा. रागावून म्हणा, रडून म्हणा, प्रेमात पडल्यासारखे म्हणा. कॅमेरा चालू असायचा, आवाज कोणी टिपतच नव्हतं. काही महिन्यांनी स्टुडिओत कसलेले आवाज यायचे आणि त्या हलणाऱ्या ओठांत वाक्यं भरायचे. त्या काळी तिथला सगळा धंदाच असा चालायचा, आवाज मागाहून. थेटरात बसलेल्या माणसाला दिसायचं, की मासेवाला मुलाच्या आठवणीने हमसून हमसून बोलतो आहे. प्रत्यक्षात तो बिचारा सत्तावीस, अठ्ठावीस म्हणत असायचा.

हे मला ठाऊक आहे ते माझ्या नवऱ्यामुळे. तो पेशाने इंजिनिअर, पण ती भाकरीची सोय. खरा माणूस रविवारी सकाळी दिसायचा. तरुणपणी त्याने चार मित्रांना धरून फिल्म सोसायटी काढली, एका कॉलेजचं सभागृह मिळवलं आणि दर रविवारी तिथे परदेशी सिनेमे दाखवायला सुरुवात केली. सिनेमाआधी त्याचं प्रास्ताविक असायचं. ते इतकं लांबायचं, की लोक घरून नाश्ता उरकून मुद्दाम उशिरा निघायचे आणि तरी प्रास्ताविकात सापडायचे. या इटालियनावर तर त्याचा भारी जीव. औषधाच्या दुकानापासून सुरुवात करायचा आणि कुठे थांबावं ते त्याला कळायचं नाही.

त्याला थांबवणारा माणूस एकच. शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा बसायचे. त्यांचं दुकान पेठेत आजोबांपासूनचं, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ आणि जीभ आमच्याइतकीच तिखट. ते उभे राहायचे आणि म्हणायचे, "आपलं प्रास्ताविक संपलं असेल तर सिनेमा लावावा, ही विनंती." नवरा चष्मा सावरून म्हणायचा, "लावतो. आपल्याला फारच घाई असेल तर शेवट सांगून टाकू का?" सभागृह हसायचं आणि दिवे जायचे. हे इतक्या रविवारी झालं, की नवे सभासद तो कार्यक्रमाचाच भाग समजायचे.

मी या सगळ्यात शिरले ती भाषेमुळे. संध्याकाळच्या वर्गांत इटालियन शिकले होते आणि एका कारखान्यात तिकडून आलेल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणायचं काम करत होते. अधूनमधून एखादी प्रिंट खाली अक्षरांच्या पट्ट्या नसलेलीच यायची. मग मी बाजूला स्टुलावर माइक घेऊन बसायची आणि पडद्यावर जो जे बोलेल ते मराठीत सांगत जायची. बाप मी, मुलगी मी, पाद्री मी, बाजारबसवी मी. सिनेमा संपल्यावर नवरा म्हणायचा, "छान. फक्त तुझी सगळी माणसं एकाच घरातली वाटतात." तेव्हा तो नवरा नव्हता. असं बोलूनही पुढे झाला, यावरून मी किती सोशिक ते लक्षात यावं. घरात आमचं अरे-तुरे, चारचौघांत मी त्याला अहो म्हणते. सासूबाईंसाठी सुरू केलेली सवय, त्या गेल्यावरही राहिली.

त्या मासेवाल्याचा एक किस्सा तो प्रास्ताविकात हमखास सांगायचा. सिनेमा मासेवाल्याच्या गावात लागला. सगळा गाव बघायला गेला. बाहेर येऊन मासेवाला चौकात तणतणत उभा. हा आवाज माझा नाही, हे बोलणंही माझं नाही, मी आकडे म्हणत होतो, पण भावाच्या नावाने म्हणत होतो, माझं जे काय होतं ते कुठे गेलं, म्हणून सगळ्यांना विचारत होता. दिग्दर्शकाला कोणीतरी हे कळवलं, तर तो म्हणे पोट धरून हसला. नवरा इथे बरोब्बर थांबायचा. सभागृहही पोट धरून हसायचं. मीही हसायची.

गेल्या वर्षी एका सकाळी तो सोसायटीच्या ऑफिसात लिफ्टची तक्रार करायला गेला. आता सोसायटी म्हणजे आमच्या कर्वेनगरच्या बिल्डिंगची, सिनेमाची नव्हे. चेअरमनना तो म्हणत होता, "लिफ्ट बंद आहे हे आम्हाला कळलंय, फक्त ती चालू कधी असते तेवढं..." आणि वाक्य तिथेच राहिलं. चेअरमनना वाटलं, टोमणा अर्ध्यावर सोडून देण्याची ही नवी तऱ्हा असेल. मग तो खुर्चीवरून घसरला.

उजवं अंग गेलं. पाय पुष्कळ परत आला, काठी घेऊन चालतो. हात थोडा आला. बोलणं आलं नाही. त्याला सगळं कळतं, पेपर वाचतो, तोंडातून मात्र शब्द निघत नाही. ज्या माणसाचं तोंड बंद करायला सबंध सभागृह लागायचं, त्याच्या बाबतीत हे व्हावं, याला काय म्हणावं मला कळत नाही. देवावर माझा विश्वास नाही, नाहीतर त्यालाच चार शब्द सुनावले असते.

घराजवळच एक स्पीच थेरपिस्ट मुलगी आहे. नागपूरकडची, शिकायला पुण्यात आली आणि इथेच राहिली. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "काका, आरती येते ना? म्हणा बरं माझ्यासोबत." जन्मभराचा नास्तिक माणूस. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. "बरं, मग मोजा. एक..." आणि त्याने म्हटलं, एक. मग दोन, मग तीन. स्वच्छ, जुन्या आवाजात. मी तिथेच रडायला लागले. तिने मला पाणी दिलं आणि समजावलं, की हे बोलणं नाही, काकू. आकडे, वार, गाणी, शिव्या डोक्यात वेगळ्या ठिकाणी राहतात. पाठ झालेलं असतं म्हणून आपोआप निघतं. त्यातून शब्द येतील किंवा नाही येणार.

शब्द आले नाहीत. आकडे मात्र राहिले आणि तो त्यांनाच कामाला लावू लागला. चहा हवा असला तर आकडा, नको असला तरी आकडाच, आणि कोणताही. त्यात काही ठरलेलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं काहीतरी खुणेची भाषा असणार. "पाच म्हणजे चहा का हो?" असं त्या विचारायच्या. वॉचमन मला जिन्यात गाठून हळूच विचारायचा, "काकांनी आज आठ सांगितलाय, मटक्यावर लावू का?" पण आकड्यात काहीच नव्हतं, सगळं होतं सुरात. एकदा टीव्हीवर कोणी पुढारी विकासावर बोलत होते. नवरा म्हणाला, "सहा. सात, आठ." तो नेमका तो सूर होता, पुण्याचा, ज्यात 'वा, फारच छान' याचा अर्थ दार तिकडे आहे असा होतो. मी खुर्चीत हसून हसून वाकले. टोमणा शाबूत होता. शब्द गेले आणि टोमणा तेवढा राहिला.

मग मी ते काम सुरू केलं. काम म्हणजे तेच माझं जुनं, स्टुलावरचं. पाहुणे यायचे, तो आकडे बोलायचा, मी सांगायची. "ते म्हणताहेत, पाऊस लांबलाय यंदा." "ते म्हणताहेत, तुम्ही आलात, बरं वाटलं." भाजीवाला, बँकेतली मुलगी, कात्रजला राहणारी आमची लेक, सगळ्यांना मीच सांगायची. लोक थक्क व्हायचे. "तुम्हाला किती बरोबर कळतं हो!" मला ते आवडायचं. दिवसभरात तेवढंच एक कौतुक वाट्याला यायचं. हळूहळू माझ्या तोंडून तो फार सज्जन बोलायला लागला. ज्याने आयुष्यात माझ्या आमटीला 'बरी आहे' यापलीकडे मार्क दिले नव्हते, तो आता पाहुण्यांसमोर बायकोच्या हातच्या चवीबद्दल भरभरून बोलायचा. अशा वेळी तो माझ्याकडे एक भुवई उचलून बघायचा. मी दुसरीकडे बघायची.

मी थकले आहे. हे लिहायला सोपं आहे. बोलायला नाही, कारण बोललं की समोरचा म्हणतो, "स्वतःची काळजी घ्या हं." कधी घेऊ, ते कोणी सांगत नाही. सकाळी त्याची अंघोळ, शर्टाची बटणं, गोळ्या, व्यायाम करून घेणारा मुलगा येतो त्याच्यासाठी सतरंजी, मग स्वयंपाक, मग त्याला भरवायचं नाही पण त्याने सांडलेलं पुसायचं. माझा गुडघा वेगळाच संप करून बसलेला. लेक शनिवारी डबे घेऊन येते आणि म्हणते, "आई, बाबांचं करायला ब्यूरोची बाई ठेवू या ना, यू नीड अ ब्रेक." मी त्याच्याकडे बघते, तो आकडा बोलतो, मी म्हणते, "बाबा नको म्हणताहेत." ते तो म्हणाला होता की मी, हे आता विचाराल तर मला सांगता येणार नाही. दुपारी तो झोपला की मी टेबलाशी बसते, त्या प्रकरणाचं पहिलं वाक्य वाचते आणि माझी मान खाली जाते. इटालियन दिग्दर्शक पन्नाशीतच राहतो.

गेल्या महिन्यात फिल्म सोसायटीची नवी सेक्रेटरी घरी आली. धायरीला राहते, आयटीत आहे, उत्साह उतू जातो. सगळं जग मोबाइलवर सिनेमे बघत असताना ही मुलगी रविवारी माणसं जमवते, त्यासाठी मला तिचं कौतुक आहे. ती म्हणाली, "काका, आपण तुमच्या फेवरिट दिग्दर्शकाचे सिनेमे करतोय. पहिल्या रविवारी, म्हणजे, वी वॉन्ट टू ऑनर यू. शाल-श्रीफळ. आणि प्रास्ताविक..." इथे ती अडखळली. "काकू, तुम्हीच करा ना त्यांच्या वतीने. तुम्ही किती मस्त सांगता सगळं."

नवरा खुर्चीत सरळ झाला. "एक दोन," तो म्हणाला. मग डाव्या हाताने स्वतःच्या छातीवर थाप मारत, "एक, दोन, तीन, चार!"

याचा अर्थ वरच्या मजल्यावरच्या बाईंनासुद्धा कळला असता. मी बोलणार, मी, असं तो सांगत होता.

आणि मी म्हणाले, "ते म्हणताहेत, हिलाच बोलू दे."

का म्हणाले ते मला चांगलं माहीत होतं. त्या सभागृहात हा उभा राहून आकडे म्हणणार आणि लोक हसतील, हे मला नको होतं. लोक हसणार नाहीत, डोळे पुसतील, हे तर त्याहून वाईट. आणि तिथवर त्याला नेऊन, जिने चढवून, उभा करून, ते सगळं बघून, परत आणून वरणभाताचा कुकर लावायचं माझ्या अंगात त्राण नव्हतं. मुलगी "सो स्वीट" म्हणून निघून गेली. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. भुवई उचलली नाही. नुसतं बघितलं.

त्यानंतर तो बोलायचा थांबला. आकडासुद्धा नाही. चहा पुढे ठेवला तर प्यायचा, नाही ठेवला तर मागायचा नाही. टीव्हीवर पुढारी येऊन गेले, काही नाही. घरात इतकी शांतता मी आमच्या लग्नापासून ऐकली नव्हती. मला वाटायचं तसा आराम मात्र मिळाला नाही.

थेरपिस्ट मुलीने दोन वेळा प्रयत्न केला आणि मला बाहेरच्या खोलीत घेऊन आली. "काका बोलूनच नाही राहिले. घरी काही झालं का?" मी सगळं सांगितलं. तिने मध्ये अडवलं नाही. मग म्हणाली, "पण तुम्ही काहून मधात बोलता, काकू?"

"त्यांना बोलता येत नाही म्हणून."

"येत नाही ते मले माहीत आहे. पण ते सांगून राहिले असतात ना काहीतरी. त्यांना वेळ लागते. तेवढं थांबत जा." एरवी ती आमच्याशी अगदी पुस्तकी बोलायची. त्या दिवशी रागात तिचं गावाकडचं बोलणं वर आलं. मला तिचा राग आला. घरी येऊन मी भांडी जरा जास्तच आपटली. एका माणसाबरोबर जन्म काढल्यावर कालच्या पोरीने येऊन सांगावं, थांबत जा!

दुपारी टेबलाशी बसले. समोर मासेवाल्याचा तो किस्सा होता. पुन्हा वाचला. नवऱ्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलेला, की तो कुठे श्वास घेतो तेही मला येत होतं. पण आज हसू येईना. मला पहिल्यांदाच वाटलं, की तो भावाच्या नावाने काय म्हणत होता, हे त्या चौकात एकाने तरी त्याला विचारायला हवं होतं. मी तो किस्सा खोडला, मग परत लिहिला, मग टेबल आवरून कुकर लावला.

रविवार आला. रिक्षावाल्याने खड्डे चुकवत का होईना सभागृहापर्यंत आणलं. पायऱ्यांवर दोघांनी त्याला धरलं. आत जुने सभासद बरेच आले होते, पांढऱ्या केसांचे, आणि मागे काही विद्यार्थी. प्रत्येक जण वाकून, बहिऱ्याशी बोलावं तसा मोठ्याने विचारत होता, "कसं वाटतंय आताऽऽ?" त्याचे कान ठणठणीत आहेत हे मी सांगणार होते, पण गप्प राहिले. चाचा शेवटच्या रांगेत कडेला होते. त्यांनी नुसता हात वर केला.

सेक्रेटरी छान बोलली. शाल झाली, नारळ झाला, टाळ्या झाल्या. मग तिने माइक माझ्या हातात दिला. मी घरून भाषण लिहून नेलं होतं, त्यात नवरा खूप कृतज्ञ वगैरे होता. "नमस्कार," मी म्हणाले, "आज हे म्हणताहेत की..."

त्याने खुर्चीतूनच डावा हात लांबवला आणि माइक धरला. मीही सोडला नाही. सगळ्या सभागृहासमोर आम्ही दोघं म्हातारे एक माइक धरून उभे, म्हणजे मी उभी आणि तो अर्धा उठलेला. सेक्रेटरी धावत यायला लागली. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्यावर चिडला नव्हता. तो विनवत होता. तसं त्याला मी कधी बघितलं नव्हतं. मी माइक सोडला.

तो काठीवर रेलून उभा राहिला. "एक," तो म्हणाला. थांबला. "दोन, तीन. चार, पाच, सहा."

औषधाचं दुकान. मला लगेच कळलं. हा भाषांतराचा भाग नव्हता, ते मला पाठ होतं. इथे बाप, इथे धुकं, इथे पडलेला पहिला सिनेमा, तिथे तो नेहमीसारखा खांदे उडवून थांबला. दिग्दर्शकाच्या बायकोशी भांडणांच्या भागाला त्याने आवाज खाली आणला. दहाच्या पुढे जायला अडखळायचा, मग परत एकपासून धरायचा. घामाने कपाळ भिजलं होतं. काहींच्या चेहऱ्यावर लहान मुलाचं गाणं ऐकताना असतं तसं हसू होतं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी रुमाल काढला. मला जे नको होतं ते सगळं होत होतं.

तो मासेवाल्यापाशी आला. आवाज चढवला, चौकात तणतणला, आणि शेवटचा आकडा टाकून बरोब्बर तिथे थांबला, जिथे लोक हसायचे. कोणी हसलं नाही. कोणाला धैर्यच झालं नाही. त्याने सभागृहावरून नजर फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. मला हसायचं होतं, पण जमलं नाही. तो तसाच उभा, माइक तोंडाजवळ, वाट बघत. वर्षभर सगळ्यांनी त्याला जपलं होतं, मीही. त्याचं इथे काय पणाला लागलं होतं ते मला तेव्हा दिसलं. हे लोक त्याला परत आपल्यातला धरतात का, एवढंच.

शेवटच्या रांगेत खुर्ची करकरली. चाचा उभे राहिले होते.

"आपलं प्रास्ताविक संपलं असेल," ते म्हणाले, "तर सिनेमा लावावा, ही विनंती."

"अहो, काय हे," असं कोणीतरी म्हणालं. सेक्रेटरी पांढरीफटक पडली, तिला बिचारीला हे जुनं काही ठाऊक नव्हतं. आणि माझ्या नवऱ्याचा चेहरा, तो अर्धा वाकडा झालेला चेहरा, असा उजळला, की तसा मी तो वर्षभरात बघितला नव्हता. त्याने काठी माझ्याकडे दिली, मोकळ्या झालेल्या अधू हाताने कसाबसा चष्मा सावरला आणि शेवटच्या रांगेकडे रोखून म्हणाला, "चार. चार, पाच, सहा, सात... आठ?"

शेवट सांगून टाकू का?

जुने सभासद फुटलेच. पोट धरून, खुर्च्या हलवून हसले. विद्यार्थीही हसायला लागले, का ते न कळता. रुमालवाल्या बाई तोच रुमाल तोंडावर दाबून हसत होत्या. चाचा उभेच होते. "नको," ते म्हणाले, "शेवट काय असतो ते आम्हाला माहीत आहे. आपण बसा आता." आणि ते बसले. मी मात्र रडत होते, तिथेच, काठी हातात घेऊन, सगळ्यांसमोर.

दिवे गेले. आता सिनेमे अक्षरांच्या पट्ट्यांसकट येतात, माझी कोणाला गरज नसते. आम्ही पुढच्या रांगेत बसलो. पडद्यावर मासेवाला आला, गलबताच्या दोरखंडावर बसून बोलू लागला, त्या सुंदर, कसलेल्या, परक्या आवाजात. मी पट्टी वाचली नाही, आवाजही ऐकला नाही. त्याच्या ओठांकडे बघत राहिले.

नवरा माझ्या कानाशी झुकला. "तीन," तो हळूच म्हणाला. "तीन, सात."

माझ्या तोंडात वाक्यं तयार होती. पाणी हवंय. किती छान घेतलाय हा भाग. आणि एक तिसरं, जे ऐकायला मला सगळ्यात आवडलं असतं. यातलं कुठलंही मी त्याच्या वतीने स्वतःला सांगितलं असतं, तर त्याने बहुधा मान हलवून चालवून घेतलं असतं.

"मला कळलं नाही रे," मी म्हणाले. "परत सांग."

"शूऽऽ," मागून कोणीतरी म्हणालं. "बोलायचं असेल तर बाहेर जाऊन बोला."

त्याने परत सांगितलं, सावकाश. तेव्हाही मला कळलं नाही. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, परत.